मराठवाड्यात बंदुकीचा परवाना काढताना: आधी कारण, मग अर्ज

रात्री जागलीला जाणारा शेतकरी, रोकड घेऊन बाजार करणारा व्यापारी, हायवेवरचा पेट्रोल पंप चालवणारा मालक आणि गावातल्या राजकारणात वैर ओढवून घेतलेला कार्यकर्ता. मराठवाड्यात परवान्याची चौकशी करणारे बहुतेक जण या चौघांपैकी कुणीतरी असतात. चौघेही विचारतात, "परवाना कसा निघतो?" पण आधी विचारायला हवं ते दुसरंच: बंदूक नेमकी कशासाठी हवी आहे? अर्जाची सगळी फाइल या एका उत्तरावर उभी राहते, आणि बऱ्याच फाइली इथेच पडतात. म्हणून ही पायरी मी सगळ्यात सविस्तर लिहितो आहे.

पहिली पायरी: कारण ठरवा

आपल्याकडे बंदूक बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांच्या चौकटीत सरकार परवानगी देतं आणि ती काढूनही घेऊ शकतं. अधिनियमाच्या कलम १३ मध्ये दोन वाटा आहेत. स्वसंरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, गुळगुळीत बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला भाग) बंदूक हवी असेल (आपली नेहमीची बाराबोअर यातच बसते), किंवा पीक राखण्यासाठी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक हवी असेल, तर अर्जदारात दुसरा काही दोष नसताना परवाना द्यावा असा कायद्याचा कल आहे. ठासणीच्या बंदुकीने पीक राखणं होत नसेल तर दुसरी गुळगुळीत बोअरची बंदूक देण्याचीही तरतूद तिथेच आहे. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर मात्र दुसऱ्या वाटेने जातात. तिथे 'सबळ कारण' दाखवावं लागतं आणि ते अधिकाऱ्याला पटावं लागतं.

सबळ कारण म्हणजे कागदावर दिसेल असं कारण. धमकी आली असेल तर पोलिसांत दिलेली तक्रार, मग ती अदखलपात्र म्हणून नोंदलेली का असेना. रोकड नेत असाल तर जीएसटी नोंदणी, बँकेचे व्यवहार, आयकर विवरण. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, कुटुंब राहत असेल आणि परिसरात दरोडे पडले असतील तर त्या गुन्ह्यांचा उल्लेख. "माझ्या जिवाला धोका आहे" एवढ्या एका ओळीवर अर्ज करणारे मला सतत भेटतात. त्या ओळीने काही होत नाही. धोका कुणाकडून, कधीपासून, त्याबद्दल तुम्ही आजवर काय केलं, हे सांगावं लागतं.

प्रतिष्ठेसाठी परवाना मागणाऱ्यांना मी स्पष्टच सांगतो, मागू नका. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांचा विषय राज्यभर गाजला. एकट्या त्या जिल्ह्यात बाराशेहून जास्त परवाने असल्याचं समोर आलं, कमरेला पिस्तूल लावून काढलेल्या रील लोकांनी पाहिल्या, आणि पुढे छाननी होऊन अनेक परवाने रद्द झाले. खरी गरज असलेल्या माणसाच्या अर्जाकडेही आता त्याच संशयाने पाहिलं जातं. हे नुकसान हौसेने परवाने काढणाऱ्यांनी केलं आहे.

पिकासाठी मागत असाल तर

हरभरा आणि भुईमूग रानडुकरं उकरून टाकतात, रोही (नीलगायी) उभी तूर आणि ज्वारी तुडवतात, हरणांचे कळप कोवळं सोयाबीन खातात. हा त्रास खरा आहे आणि तो शहरात बसून कळत नाही. पण इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. ती परवानगी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली वनविभाग देतो, आणि ती वेगळी मागावी लागते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि नीलगाय अनुसूची २ मध्ये आहेत. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली अधिकृत वनाधिकारी त्यांच्या बाबतीत लेखी परवानगी देऊ शकतो. काळवीट आणि मोर अनुसूची १ मध्ये आहेत. पीक खाल्लं म्हणून त्यांच्यावर गोळी झाडण्याचा विचारही करू नका. पाटोद्याच्या नायगाव मयूर अभयारण्याच्या आसपास शेती असणाऱ्यांनी तर हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवावं.

मी शेतकऱ्याला पहिल्यांदा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे पाठवतो, बंदुकीच्या दुकानात नाही. पंचनामा करून नुकसानभरपाईचा अर्ज, सौर कुंपणासाठी योजना, सामुदायिक जागल, हे सगळं बंदुकीच्या आधी करून पाहावं. आवाज करून जनावर पिटाळणं हे बहुतेक वेळा पुरतं. कुंपणात थेट मेन लाइनचा करंट सोडणं आणि डुकरासाठी गावठी बॉम्ब पेरणं हे दोन्ही गुन्हे आहेत. त्यात गाई, कुत्री आणि माणसं मेलेली आहेत.

दुसरी पायरी: तुम्ही पात्र आहात का

वय २१ पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर शिक्षा संपल्यावर पाच वर्षं परवाना मिळत नाही. शांतता राखण्याचा बाँड लिहून दिला असेल तर त्या बाँडची मुदत संपेपर्यंत मिळत नाही. गावाकडे बांधाच्या भांडणात 'चॅप्टर केस' (असा बाँड घेण्याची प्रतिबंधक कारवाई) झालेली असते आणि माणूस ती विसरून जातो. पोलीस विसरत नाहीत. अर्जात ती लिहा. लपवलेली केस पडताळणीत निघाली तर खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो, आणि तो मूळ केसपेक्षा जड पडतो. मालमत्ता कमी आहे एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हे शस्त्र अधिनियमाच्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. त्यामुळे दोन एकरवाल्यानेही संकोच करू नये.

तिसरी पायरी: अर्ज आणि कागद

छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्त परवाना देतात. शहराबाहेरचा ग्रामीण भाग आणि जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली इथे जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हादंडाधिकारी म्हणून. अर्ज फॉर्म ए-१ मध्ये, ऑनलाइन भरून त्याची प्रत कार्यालयात द्यायची. सोबत आधार, पॅन, रहिवासाचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, शेतकरी असाल तर सातबारा आणि आठ-अ, व्यावसायिक असाल तर आयकर विवरणं. कारणाचे पुरावे वेगळ्या पुठ्ठ्यात, तारखेच्या क्रमाने लावा. फाइल हातात घेणाऱ्या लिपिकाला पाच मिनिटांत तुमची गोष्ट कळली पाहिजे.

दोन कागदांपाशी बरेच जण अडतात. एक, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र. दुसरा, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. हे प्रशिक्षण पैसे देऊन कागद आणण्यापुरतं उरकू नका. ज्याने आयुष्यात बंदूक उघडून पाहिलेली नाही, त्याच्या हाती ती मिळण्याआधी हाच एक अडसर कायद्याने ठेवला आहे. घरात शस्त्र कसं ठेवणार याचं हमीपत्रही द्यावं लागतं.

एजंटाच्या नादी लागू नये. "साहेबांपर्यंत ओळख आहे" म्हणणाऱ्याला दिलेले पैसे परत येत नाहीत. दुसऱ्या राज्याचा परवाना काढून देतो म्हणणारा त्याहून घातक, कारण बनावट परवान्यावर घेतलेली बंदूक म्हणजे विनापरवाना बंदूक.

चौथी पायरी: पोलीस पडताळणी

तुमच्या ठाण्यातून अहवाल मागवला जातो. ठाण्याचा माणूस गावात येतो, पोलीस पाटलाला विचारतो, शेजाऱ्यांना विचारतो. दारू पिऊन भांडणं करता का, घरात वाद आहेत का, बांधावरून कोर्टकचेरी चालू आहे का. मग अहवाल उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडून पोलीस अधीक्षकांकडे आणि तिथून जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. या काळात कार्यालयाच्या फेऱ्या मारण्यापेक्षा अर्जाचा क्रमांक घेऊन लेखी विचारणा करा. पोलिसांचा अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही, तर अधिकारी त्याची वाट न पाहता निर्णय देऊ शकतो अशी तरतूद कलम १३ मध्ये आहे. विचारणेच्या पत्रात तिचा उल्लेख नम्रपणे करावा.

नकार आला तर त्याची कारणं लेखी मागा. कारणं नोंदवणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. अपिलात नुसतं "अन्याय झाला" लिहू नका; नकाराच्या प्रत्येक मुद्द्याला एकेक कागद जोडून उत्तर द्या.

पाचवी पायरी: शस्त्र घेणं

परवाना हाती आला की त्यावरचा विशिष्ट ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, तपासा. तो नसलेला परवाना ग्राह्य धरला जात नाही. शस्त्राचा प्रकार, बोअर, कोणत्या हद्दीत चालतो, एका वेळी किती काडतुसं बाळगता येतील आणि वर्षात किती घेता येतील, हे सगळं परवान्यावरच लिहिलेलं असतं. तो तुमचा कायदा समजा.

सामान्य नागरिकाला फक्त 'अप्रतिबंधित बोअर'ची शस्त्रं मिळतात. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरमध्ये प्रामुख्याने .३२ बोअर, लांब बंदुकीत १२ बोअर. ९ मिमी किंवा .३०३ हे प्रतिबंधित बोअर आहेत. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचं .३२ चं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, त्याचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास आहे. पण आखाड्यावर राहणाऱ्याला मी बाराबोअरच सांगेन. ती मिळायला सोपी आहे, हाताळायला सरळ आहे, आणि तिची काडतुसं आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही बनतात.

खरेदी फक्त परवानाधारक विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर. दुसऱ्या परवानाधारकाकडून जुनी बंदूक घ्यायची असेल तर विकणाऱ्याने आधी जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. शस्त्र घेतल्यावर ते परवान्यात लिहिलेल्या मुदतीत दाखवून नोंद करून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची असते.

४.५ मिमी बोअरच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर गनला परवाना लागत नाही. नेमबाजी शिकायची असेल तर सुरुवात तिथूनच होते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हापासून आपल्या भागातही मुलांची चौकशी वाढली आहे. त्यांना जरूर पाठवा, पण क्लबमध्ये, प्रशिक्षकाच्या नजरेखाली.

काडतूस घरी भरायचं नाही

परदेशातले व्हिडिओ पाहून तरुण विचारतात की रिकाम्या पुंगळ्या परत भरता येतील का, स्वस्त पडेल ना? वैयक्तिक परवान्यावर हे करता येत नाही. काडतूस तयार करणं शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ खाली निर्मितीत येतं आणि त्याला वेगळा परवाना लागतो. विनापरवाना निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप आहे. ठासणीच्या बंदुकीसाठी लागणारी दारू आणि ती पेटवणाऱ्या टोप्यासुद्धा परवान्यावरच्या नोंदीप्रमाणे विक्रेत्याकडून घ्यायच्या. घरी दारू कुटणं स्फोटकांच्या कायद्यातही अडकवतं. गावात पूर्वी जुने शिकारी पुंगळ्या भरत असत, हे खरं. पण अंदाजाने भरलेल्या काडतुसाचा दाब कुणालाच सांगता येत नाही, आणि नळी फुटली की ती हाताला आणि डोळ्याला लागते. नळी कापून आखूड करणं किंवा खेळण्यातली बंदूक खरी करणं यालाही कलम ६ ची मनाई आहे.

झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या फेकू नका. किती घेतली, किती झाडली, कुठे झाडली, याची वही ठेवा. तपासणीत हीच वही तुम्हाला वाचवते.

गावठी कट्टा: मध्य प्रदेशातल्या उमर्टीकडून जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या वाटेने येणारे कट्टे, म्हणजे देशी पिस्तुलं, आपल्याकडे पकडले जातात. विनापरवाना शस्त्र बाळगल्याची शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षं. पोराच्या खोलीत सापडला तरी घरावर पोलीस येतात. तलवारीने केक कापणाऱ्या वाढदिवसांवरही गुन्हे नोंदले जातात. शीख बांधवांचं कृपाण ही वेगळी गोष्ट आहे, त्याला घटनेच्या कलम २५ चं संरक्षण आहे. नांदेडच्या लोकांना हा फरक सांगावा लागत नाही.

सहावी पायरी: घरात आणि बाहेर

बंदूक भरलेली आहे असं धरूनच हातात घ्या, रिकामी असल्याची खात्री असली तरी. नळी माणसाकडे किंवा जनावराकडे वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट चापावर नको. गोळीच्या पलीकडे काय आहे ते माहीत असल्याशिवाय झाडू नका. आपल्या शिवारात पलीकडच्या आखाड्यावर कुणी बाजेवर झोपलेलं असतं.

ठेवताना बंदूक कुलूपबंद कपाटात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ल्या स्वतःजवळ. उशीखाली, धान्याच्या कोठीत, दाराआड नको. सालगड्याच्या किंवा पाहुण्याच्या हाती द्यायची नाही. परवाना तुमच्या नावावर आहे, कुटुंबाच्या नाही.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. कर्ज, नापिकी, मुलीचं लग्न, या ओझ्याखाली आपल्याकडे किती घरं दबली आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. घरात कुणी गप्प गप्प राहायला लागलं, झोप उडाली, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवू लागलं, तर त्या दिवशी बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. कारण सांगायची लाज बाळगू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

बाहेर नेताना शस्त्र झाकलेलं, होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत हवं. लग्न, वरात, जत्रा, मिरवणूक इथे हवेत गोळी झाडली तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरदेवाच्या घोड्यापुढे बार काढणाऱ्याला अजूनही कुणी अडवत नाही. ज्येष्ठांनी अडवलं पाहिजे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवेल त्यांना शस्त्र जमा करावं लागतं. जामिनावर असलेले, पूर्वी दंग्यात नाव आलेले यात आधी येतात. जमा करताना पावती घ्या, शस्त्राचा क्रमांक तिच्यावर बरोबर लिहिलाय का पाहा.

स्वसंरक्षणात बंदूक कुठे चालते

इथे गैरसमज फार आहेत. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काची आहेत. १ जुलै २०२४ च्या आधी हीच तरतूद दंड संहितेच्या ९६ ते १०६ मध्ये होती. कलम ३७ म्हणतं की पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. जीव घेण्यापर्यंत हा हक्क कलम ३८ मधल्या मोजक्या प्रसंगांतच पोहोचतो: मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला यांसारखे. मालमत्तेसाठी कलम ४१ मध्ये दरोडा-लूट, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी घर फोडणं, राहत्या घराला आग लावणं असे प्रसंग आहेत.

आता हे शिवारात आणा. रात्री दोन वाजता विहिरीवरची पाण्याची मोटार चोरणारा तुम्हाला पाहून पळत सुटला, आणि तुम्ही पाठीवर छर्रे झाडले. ते स्वसंरक्षण नाही. तुमच्या अंगणात चौघे कुऱ्हाडी घेऊन दार तोडत आहेत, आत बायकापोरं आहेत, ही वेगळी स्थिती आहे. पहिल्या प्रसंगात मोटार गेली तर विमा, तक्रार, पंचनामा आहे. गेलेला जीव परत आणायला काही नाही, आणि तुमची उरलेली वर्षं कोर्टात जातात. बांधावरच्या वादात बंदूक नुसती बाहेर काढली तरी धमकीचा गुन्हा होतो आणि परवाना जातो. स्वसंरक्षण होतं हे दाखवण्याची जबाबदारीही आरोपीवर येते. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १०८ तसं सांगतं.

गोळी झाडावी लागलीच, तर ११२ वर स्वतः फोन करा, जखमीसाठी रुग्णवाहिका मागवा, जागा बदलू नका, पुंगळी उचलू नका, शस्त्र रिकामं करून पोलिसांच्या स्वाधीन करा. वकिलाशी बोलल्याशिवाय लांबलचक जबाब देऊ नका. गावकऱ्यांनी सुचवलेली जुळवाजुळव मान्य केली तर खरा बचावही खोटा वाटायला लागतो.

वाड्यातल्या जुन्या बंदुका

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि अनेक देशमुख-पाटलांच्या वाड्यांत त्या काळातल्या ठासणीच्या बंदुका आजही खुंटीला आहेत. आजोबांच्या नावावर परवाना होता म्हणून ती नातवाच्या नावावर होत नाही. परवानाधारक वारला की शस्त्र ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करायचं आणि वारसांपैकी एकाने, बाकीच्यांच्या संमतीपत्रासह, आपल्या नावाने अर्ज करायचा. वारशातही दोन बंदुकांची मर्यादा लागू आहे. परवानाधारक हयात असताना द्यायची असेल तर त्याचं वय ७० झालेलं असावं किंवा त्याने ती २५ वर्षं बाळगलेली असावी, यांपैकी जे आधी होईल ते. परवाना सापडतच नसेल तर बंदूक कोळ्याच्या जाळ्यात तशीच ठेवण्यापेक्षा वकिलाला सोबत घेऊन ठाण्यात लेखी कळवा, जुने महसुली कागद, निजामकाळातल्या उर्दू सनदा, फोटो जे काही असेल ते जोडा, आणि जमा केल्याची पोच घेऊन मगच वारसाचा अर्ज करा.